वायसर

माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधल्या बाथरूमचा नळ एका गुरुवारी गळायला लागला. घरमालकांना मेसेज केला, त्यांनी प्लंबरचा नंबर पाठवला. प्लंबरदादा फोनवर म्हणाले, "उद्या येतो ताई." पुण्यात राहणाऱ्यांना हा 'उद्या' चांगला ओळखीचा आहे. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सेकंदाला एक थेंब, दिवसरात्र. शनिवारी रात्री अकराला मी नळाखाली एक लिटरची रिकामी बाटली ठेवली. सकाळी सातला पाहिलं, तर ती भरून वाहत होती.

रविवारी आजीचा फोन आला. आजी साताऱ्याला आईबाबांकडे असते, वय अठ्ठ्याऐंशी. नळाचं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "वायसर गेला असेल. त्याला प्लंबर कशाला हवा?" मग जरा थांबून हसली. "आमच्या सासूबाई तर नळाचं पाणी तोंडात घालायच्या नाहीत. का, तर म्हणे नळात चामड्याचा वायसर असतो."

मी बाटलीतलं पाणी बादलीत ओतता ओतता थांबले. नळाच्या पोटात काय असतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी माहीत नव्हतं. माझ्या पणजीला मात्र माहीत होतं. आणि ते माहीत होतं म्हणूनच ती ते पाणी पीत नव्हती.

तोटीच्या आत

नळाची तोटी दोन तऱ्हांनी बनते. जुनी तऱ्हा अगदी सोपी. पाण्याच्या वाटेत एक निमुळता खुंट बसवायचा आणि त्याला आरपार भोक पाडायचं. भोक वाटेच्या रेषेत आलं की पाणी सुरू, खुंट पाव वळसा फिरवला की बंद. रोमन लोक अशा काशाच्या तोट्या वापरत. त्यांचे पाइप शिशाचे असत. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात, म्हणून शिशाचं काम करणारा तो प्लंबर. आपल्याकडच्या प्लंबरच्या पिशवीत आज प्लास्टिकचे पाइप असतात, पण नाव शिशाचंच राहिलं.

खुंटाच्या तोटीत एक खोट होती. पाणी जोरात असलं की ती पाझरे. आणि फटकन बंद केली की पाइपमधलं धावतं पाणी एकदम अडून धाडकन आवाज होई, पूर्ण लाइन हादरे. एखाद्या मोठ्या शहरात घरोघर सतत आणि दाबाचं पाणी द्यायचं, तर ही तोटी पुरी पडणारी नव्हती.

यावरचा उपाय इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावात निघाला. तिथल्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी ओतकामाच्या कारखान्याच्या एडवर्ड क्राइम्स यांनी १८४५ मध्ये स्क्रूने दाबून बंद होणाऱ्या तोटीचं पेटंट घेतलं. चावी फिरवली की आतला दांडा, म्हणजे स्पिंडल, आट्यांवरून हळूहळू खाली उतरतो. त्याच्या टोकाला एक मऊ चकती असते. ती चकती पाण्याच्या भोकाच्या काठावर दाबून बसते आणि पाणी थांबतं. बंद व्हायला चार वळसे लागतात, म्हणून पाइपला धक्का बसत नाही. धातूवर धातू घासत नाही, म्हणून गळत नाही. झिजते ती फक्त चकती, आणि ती बदलता येते.

हीच ती चकती. इंग्रजीत वॉशर, आपल्या तोंडी वायसर.

त्या काळी ही चकती कशाची करणार? चार्ल्स गुडइयर यांनी रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं अमेरिकन पेटंट घेतलं तेच मुळी १८४४ मध्ये. तशा रबराच्या चकत्या दुकानोदुकानी मिळायला अजून वेळ होता. ओलं झालं की फुगून घट्ट बसणारी, स्वस्त आणि हाताशी असलेली एकच वस्तू होती, चामडं.

पाणी आलं, प्रश्न आला

आता मुंबईत या. १८५० च्या दशकात मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. १८५४ मध्ये पाण्याची भयंकर टंचाई झाली. पाऊस लांबला की शहर हवालदिल, अशी स्थिती होती. मग विहार तलावाची योजना हाती घेतली गेली. मिठी नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून १८६० मध्ये विहारचं पाणी लोखंडी पाइपांतून शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. त्याच १८७९ च्या सुमाराला पुण्याजवळ खडकवासल्याचं धरण पुरं झालं.

पुण्याला वाहतं पाणी नवं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधीव नळ आणून शहरातले हौद भरले होते. नुसत्या उतारावर ते पाणी पेठांपर्यंत यायचं. पण त्या हौदांना तोटी नव्हती. पाणी येई, साठे, उरलेलं पुढे जाई. कोणी, कुठून आणि कशाने पाणी भरायचं, हे हौदाच्या काठावर ठरे.

नव्या नळाने तो काठच काढून टाकला. पाणी डोळ्यांआड कुठून तरी येतं, कोणाकोणाच्या वस्तीवरून येतं, आणि तुमच्या मोरीत पडायच्या आधी शेवटचा स्पर्श त्याला होतो तो मेलेल्या जनावराच्या कातड्याचा. सोवळं पाळणाऱ्या घरांना हे पचेना. कोलकात्यात १८७० मध्ये नळाचं पाणी सुरू झालं, तेव्हा ते धर्माला चालतं की नाही यावर मोठी चर्चा झाली. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत नळाचं पाणी वापरायला आणि आडाचं पाणी प्यायला आणि देवाला, अशी वाटणी पडली. विधवा बायका, भिक्षुकी करणारे, कडक सोवळ्यातली म्हातारी माणसं आडाला धरून राहिली.

गंमत अशी की चामड्याचं पाणी महाराष्ट्राला नवं नव्हतं. विहिरीवरची मोट चामड्याची असे. बैल उतरणीवर चालत आणि चामड्याची भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात ओतली जाई. त्याच पाण्यावर ऊस, वांगी, मिरच्या पिकत आणि त्याच सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिजत. शेताला चालणारं चामडं तांब्याला चालत नव्हतं. शिवाशिवीचे नियम पाणी पाहून ठरत नाहीत, कोण बघतंय ते पाहून ठरतात, असं मला तरी वाटतं.

मी आजीला विचारलं, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा वायसर चामड्याचेच होते का गं?"

"छे! रबराचे आले होते. तुझ्या आजोबांनी एकदा उघडून दाखवला सासूबाईंना. त्या म्हणाल्या, असेल. आणि आडावर निघून गेल्या."

चार सूत

दुपारी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. जायच्या आधी मी एक काम नीट केलं होतं, नळ उघडून जुना वायसर काढून घेतला होता. कसा, ते पुढे सांगते. पट्टीवर मोजला तर जवळजवळ अठरा मिलिमीटर भरला. दुकानात रुबाबात सांगितलं, "अठरा मिलिमीटरचा वायसर द्या."

काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, घरून कोणाला पाठवता का?"

"मीच आहे घरची."

त्यांनी वायसर हातात घेतला, पाहिला न पाहिल्यासारखा केला. "अर्धा इंची आहे हा. चार सूत."

अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर. माझ्या हातातली वस्तू अठराची. वाद घालायचा मोह झाला, पण काकांचं बरोबर होतं. अर्धा इंच हे वायसरचं माप नाहीच. ते मूळ पाइपच्या पोटातल्या भोकाचं नाव आहे. त्या पाइपला बसणारा नळ अर्धा इंची, आणि त्या नळाचा वायसरही अर्धा इंची. पाइपवरच्या आट्या बाहेरून मोजल्या तर जवळजवळ एकवीस मिलिमीटर भरतात. म्हणजे 'अर्धा इंच' असलेली एकही गोष्ट तुम्हाला पट्टीवर अर्धा इंच सापडणार नाही.

या आट्यांची गोष्टही नळाच्याच वयाची आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये सुचवलं की देशभर स्क्रूच्या आट्या एकाच मापाच्या असाव्यात, उतार ५५ अंशांचा असावा. त्याआधी प्रत्येक कारखान्याची आटी वेगळी होती. आपल्या नळांच्या आट्या आजही त्याच घराण्यातल्या, अर्धा इंची पाइपला इंचाला १४ आट्या. भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. दूध लिटरमध्ये आलं, कापड मीटरमध्ये आलं. नळ मात्र इंचातच राहिला, आणि मिस्त्री तर त्याहून जुन्या सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच.

काकांनी पाच वायसरचं पाकीट दिलं, एक पाना दिला आणि न मागता टेफ्लॉन टेपही. या टेपची मजा म्हणजे १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ती वस्तू फ्रिजच्या गॅसवर काम करताना चुकून सापडली होती. ती येण्याआधी आपले प्लंबर आट्यांवर धागा गुंडाळून त्याला सफेदा फासत. जुन्या वाड्यात कुठे नळ उघडलात, तर तो वाळलेला पांढरा लेप आणि धागा अजून दिसेल.

उघडला

आता काम. तुमच्या नळाची चावी तीन-चार वळसे फिरत असेल तर आत वायसर आहे. पाव वळशात उघडत असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यात वायसर नसतो, आतली कार्ट्रिज अख्खी बदलावी लागते. (पाव वळसा! दोन हजार वर्षं फिरून आपण रोमनांच्या खुंटाजवळ परत आलो.)

आधी त्या लाइनचा कॉक बंद करा. माझा गिझरच्या बाजूला होता, वर्षानुवर्षं कोणी फिरवला नव्हता, जोर लावावा लागला. मग गळका नळ पूर्ण उघडा आणि पाइपात राहिलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. मी टाकलं नव्हतं. पहिला स्क्रू थेट गटारात गेला.

चावीवरची लाल-निळी टिकली नखाने उचकटली की खाली स्क्रू दिसतो. तो काढला की चावी वर निघते. खालच्या षटकोनी नटावर फडकं गुंडाळा, म्हणजे पान्याने चकाकी खरवडली जात नाही, आणि घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. स्पिंडल हातात येतो. त्याच्या टोकाशी वायसर. माझ्या वायसरवर गोल खाच पडली होती, रोज कुणी तरी गच्च आवळत आल्याची. ती कुणी तरी म्हणजे मीच. नळ गळतो म्हणून आपण आणखी जोरात आवळतो, आणि आवळण्यानेच वायसर कापला जातो.

नवा वायसर बसवायच्या आधी नळाच्या पोटात बोट घालून तो काठ चाचपा, जिथे वायसर टेकतो. तिथे क्षार किंवा वाळूचा कण असेल तर पुसून घ्या. काठ दाताळ लागला तर तो घासून घ्यावा लागतो, ते काम प्लंबरचं. भिंतीतली लाइन, गिझर, सोसायटीचा मुख्य पाइप यांनाही हात लावू नका. बाकी उलट क्रमाने बसवा. स्पिंडल थोडा वर, म्हणजे उघडा ठेवूनच नट आवळा, नाहीतर नवा वायसर पहिल्याच दिवशी चिरडतो. मुख्य कॉक सावकाश सोडा.

मी सोडला. नळ बंद केला, हलक्या हाताने. थांबले. थेंब पडला नाही. मोबाइलवर दहा मिनिटं लावली आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहिले. तरी पडला नाही. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

चावी कोणाच्या हातात

उंबऱ्यावर बसल्या बसल्या मी नळाच्या चावीकडे पाहत होते, आणि मला माझ्या गावची शाळा आठवली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस पाळतात, आम्हीही शाळेत पाळायचो. पुढे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत शाळेतल्या पाण्याबद्दल लिहिलं आहे. बाकीची मुलं तहान लागली की जाऊन नळ उघडत आणि पाणी पीत. त्यांना नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने चावी फिरवली तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही.

नळ हे खरं तर शिवाशिव मोडायला निघालेलं यंत्र. त्यात कोणाची घागर बुडत नाही. पाणी वाहतं असतं आणि प्रत्येकाला वेगळं मिळतं. सोवळ्याच्या तर्काने पाहिलं तरी विहिरीपेक्षा नळ निर्धोक. मग विटाळ जाऊन बसला कुठे? चावीत. पाण्याला शिवता येत नाही म्हटल्यावर पितळेच्या तुकड्याला जात चिकटली.

म्हणून पाण्याची लढाई नळ आले तरी संपली नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये ठराव केला, पण तळ्यावर जाणं कोणाला शक्य झालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, खटला चालला, आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला तेव्हा कुठे कायद्याने ते पाणी सर्वांचं झालं. दहा वर्षं, ओंजळभर पाण्यासाठी.

मागचा नळ

संध्याकाळी मी आजीला फोन केला. नळ दुरुस्त झाला हे ऐकून ती खूश झाली. मग मी पणजीबद्दल पुन्हा विचारलं. आजी म्हणाली, "एकसष्ट साली मात्र सासूबाईंचं खरं झालं बघ."

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरण फुटलं, अर्धं पुणं पाण्याखाली गेलं आणि पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले. आमच्या वाड्यापर्यंत पूर आला नव्हता. शहरातले जुने आड आणि हौद पुन्हा कामाला लागले, तसा आमचाही आड. आजी सांगते, पहाटेपासून रात्रीपर्यंत रहाट थांबत नव्हता. सासूबाई स्वतः उभ्या राहून पाणी देत होत्या.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

आजी थोडा वेळ बोलली नाही. "आळीतल्या सगळ्यांना," ती म्हणाली.

मी पुढे विचारलं नाही, कारण मला एकदम दुसरंच आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. साताऱ्याच्या घरी मागच्या अंगणातला नळ गळत होता. दुरुस्तीला एक काका आले होते. मी शेजारी उकिडवी बसून बघत होते. त्यांनी नळ उघडला, वायसर बदलला, नळ लावला, ओंजळीत पाणी घेऊन जोर पाहिला. उन्हाचे दिवस होते. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. आजी म्हणाली, "तो ग्लास आण गं." मी गेले आणि मागच्या नळाजवळच्या फळीवर उपडा घातलेला स्टीलचा ग्लास घेऊन आले. कुठला ग्लास, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. सातव्या वर्षी मला नळाच्या आत काय असतं ते माहीत नव्हतं. फळीवरचा ग्लास कोणाचा, ते माहीत होतं.

ज्या माणसाचा हात नुकताच आमच्या नळाच्या पोटात जाऊन आला होता, ज्या नळाचं पाणी नंतर आम्ही सगळे प्यायलो, त्याच्यासाठी ग्लास वेगळा. पणजी निदान स्वतःच्या नियमाला धरून होती. तिला त्या हाताचं चालत नव्हतं, म्हणून ती ते पाणीच पीत नव्हती. आम्हाला हात हवा होता, पाणीही हवं होतं.

सोमवारी प्लंबरदादा आले. मी नळ दाखवला. त्यांनी दोनदा उघडून बंद करून पाहिला, म्हणाले, "चांगला बसवलाय ताई. पण चावीचा स्क्रू कुठंय?" मी मोरीच्या जाळीकडे बोट दाखवलं. ते हसले, पिशवीतून एक स्क्रू काढून लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

रात्री आजीला हेही सांगितलं. मग विचारलं, "आजी, मागच्या नळावरचा तो ग्लास अजून आहे का गं?"

"आहे की," आजी म्हणाली. आणि बराच वेळ गेल्यावर, "तो नळही गळतोय परत. दिवाळीला येशील तेव्हा पाना घेऊन ये."

पाकिटात चार वायसर उरलेत. मी ते पान्याबरोबर बॅगेत ठेवलेत. ग्लासाचं मी तिथे गेल्यावर, तिच्यासमोर बसून बोलणार आहे. फोनवर नाही.